जबानीनंतरचे आयुष्य

येरळेकाठच्या वडूजमधील मामलेदार कचेरीचे नाव निघाले, की खटाव तालुक्यातील माणसाला ९ सप्टेंबर १९४२ चा मोर्चा आणि त्यावरील गोळीबारात परशुराम घार्गे व त्यांच्या सोबत्यांनी केलेले आत्मार्पण आठवावे, हे यथोचितच आहे. परंतु कोणत्याही तालुका कचेरीच्या कारभाराला आणखी एक, फारशी न उलगडली जाणारी बाजू असते, ती भाजलेल्यांच्या जबान्यांची. स्टोव्हच्या भडक्याने होरपळलेली सून इस्पितळात आणली आणि ती शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला, की नायब तहसीलदाराने दंडाधिकारी या नात्याने खाटेशी बसून तिचे म्हणणे उतरून घ्यावे आणि हाताची बोटे ठसा देण्याजोगी उरली नसतील तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, असा परिपाठ. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ३२ व्या कलमाने या कागदाला मोठे वजन दिले. अट एवढीच, की जबानी देणारी व्यक्ती दगावली पाहिजे. ती वाचली तर त्या कलमापुरता तो कागद निरुपयोगी. आणि पुढे तिची हनुवटी छातीकडे ओढली गेली की बोटे आखडली, हे लिहून ठेवण्याचे कोणत्याही कारकुनाला प्रयोजन उरत नाही.

वैद्यकाचा इतिहासही जखमेपाशीच घोटाळत राहिला. सुश्रुताने प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे भेद केले आणि मध-तुपाचा लेप सांगितला. घरोघरी चुन्याची निवळी आणि खोबरेल यांवर भिस्त होती. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५२ रुग्णांना मध आणि तितक्याच रुग्णांना चांदीयुक्त मलम लावले, तेव्हा सात दिवसांत मधाच्या ९१ टक्के जखमा निर्जंतुक झाल्या, मलमाच्या अवघ्या ७ टक्के. पुढे २००० साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली. या उद्योगाने जीव वाचले, यात शंका नाही; पण खरी परीक्षा जखम भरल्यावर सुरू होते. वण महिनोन्‌महिने जाड होत आणि आक्रसत जातो, म्हणून दाबाचे घट्ट कपडे दिवसातून तेवीस तास अंगावर वागवावे लागतात. मूल वाढते पण वणाची कातडी त्या मानाने वाढत नाही, म्हणून त्याला पुनःपुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागते. आणि खोल भाजलेल्या त्वचेत घामाच्या ग्रंथी उरत नसल्यामुळे खटावच्या वैशाखात भांगलणीला बसलेल्या बाईच्या अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. हे शेवटचे दुःख पाहणाऱ्याला दिसत नाही, आणि म्हणूनच ‘आता तर बरी झालीस ना!’ असे तिला सहज ऐकवले जाते.

याच अवर्षणप्रवण मुलखातील, म्हणजे खटाव, माण, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील शेकडो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सोन्यात चांदी मिसळून ते मुशीत वितळवायचे, मग शोऱ्याच्या तेजाबात टाकून चांदी विरघळवायची आणि तळाशी राहिलेले सोने धुऊन घ्यायचे, हा त्यांचा हुन्नर. तांबूस धूर छातीत आणि तेजाबाचे शिंतोडे हातावर, हे त्याचे नित्याचे सोबती. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने अम्लहल्ल्यातील पीडितांना व्यंगाच्या यादीत स्थान दिले, ही न्याय्यच गोष्ट झाली. पण त्यातील व्याख्या हिंसक हल्ल्याची अट घालते. त्यामुळे मुशीपाशी तेजाब सांडून विद्रूप झालेला गलाई कारागीर आणि स्टोव्हने भाजलेली वडूजची गृहिणी, दोघेही त्या व्याख्येबाहेर राहतात, आणि त्यांना आपला आखडलेला सांधा अस्थिव्यंग म्हणून निराळा मोजून घ्यावा लागतो. भाजणे कोणाच्या हातून घडले हे फौजदारी न्यायालयाने अवश्य पाहावे. दाखला देणाऱ्या सरकारला मात्र त्याची चौकशी करण्याचे कारण नाही, आणि ती अट कायद्यातून काढून टाकली पाहिजे.