बॅटमॅन, हलगी आणि वेम्बलीचा मोडका मनोरा

मंडळी, वेम्बली म्हटलं की तुम्हाला फुटबॉलचं स्टेडियम आठवणार. आमच्या खिडकीतून त्याची कमान दिसते, १३३ मीटर उंच. रात्री तिच्यावर दिवे लागले की गावाकडून आलेला पाहुणा हमखास फोटो काढतो. त्याच जागेवर पूर्वी काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते मी शेवटी सांगणार आहे, कारण आजच्या विषयाशी त्याचा संबंध आहे. विषय जरा पोरकट वाटेल: सुपरहिरोचा व्हिडिओ गेम खेळताना मजा का येते? आणि बहुतेक वेळा का येत नाही?

हसू नका. या प्रश्नाने २००९ च्या हिवाळ्यात मला सांभाळलं आहे.

झालं असं, की मंदीच्या त्या वर्षी माझं कंत्राट संपलं आणि पुढचं मिळेना. ही एका दुकानात कामाला जायची, मुलगा शाळेत. तो तेव्हा सोळा वर्षांचा, दीडच वर्षापूर्वी कोल्हापुराहून इथे आणलेला, घरात तोंड मिटून बसणारा. मी दिवसभर अर्ज पाठवायचो. नकार आला असता तरी चाललं असतं हो, पण उत्तरच यायचं नाही. वीस वर्षं कंट्रोल सिस्टीममध्ये काढलेला माणूस मी. इकडे काही केलं की तिकडे काहीतरी हललं पाहिजे, ही माझी भाकरी. आणि इथे मी बटण दाबतोय, पण दिवा लागतही नाही आणि विझतही नाही.

दिवाळीच्या सुमारास मुलाने साठवलेल्या पैशातून एक जुना प्लेस्टेशन आणला, आणि त्यासोबत एक गेम. 'बॅटमॅन: अर्कम असायलम'. ऑगस्ट २००९ मध्ये आलेला. घरात पैशाची ही तंगी आणि याला खेळ सुचतोय, म्हणून मी चिडलो होतो. मग एके रात्री त्याच्या शेजारी बसलो, आणि बसलो तो बसलोच.

आता जरा मागे जाऊ. पहिला सुपरहिरो गेम म्हणजे अटारीचा 'सुपरमॅन', १९७९ चा, जॉन डन नावाच्या प्रोग्रॅमरने लिहिलेला. आजच्या डोळ्यांना ते चार चौकोनी ठिपके वाटतील. पण डनसमोरची अडचण खरी होती. ज्याला कुणी मारू शकत नाही, त्याचा खेळ कसा करायचा? खेळ म्हटला की हरण्याची भीती हवी. डनने सरळ घड्याळ लावलं. त्याच्या खेळात सुपरमॅन मरतच नाही. तुटलेला पूल जोडायचा, ल्यूथरला आणि त्याच्या गुंडांना तुरुंगात टाकायचं, आणि हे सगळं किती वेळात केलंत एवढंच मोजायचं. क्रिप्टोनाइट लागला तर उडता येत नाही आणि वेळ वाया जातो. म्हणजे बघा, पहिल्याच माणसाला कळलं होतं की बलवान माणसाची परीक्षा त्याच्या बलात घ्यायची नसते.

पुढचा थांबा इंग्लंडातला. १९८६ साली मँचेस्टरच्या ओशन कंपनीने स्पेक्ट्रम या छोट्या घरगुती संगणकासाठी 'बॅटमॅन' काढला. जॉन रिटमनने प्रोग्रॅम लिहिला, बर्नी ड्रमंडने चित्रं काढली. सगळा कारभार ४८ किलोबाइटच्या यंत्रात. गंमत अशी, की सुरुवातीला या बॅटमॅनला साधी उडीसुद्धा मारता येत नाही! आधी बूट शोधायचे, मग पिशवी, मग पट्टा. एकेक वस्तू सापडेल तसा तो बॅटमॅन होत जातो. आपल्याकडे मारुतीची गोष्ट आहेच. अंगात बळ असून त्याला त्याचा विसर पडलेला, आणि समुद्रकाठी जांबवंत त्याला आठवण करून देतो. ती आठवण होण्याचा क्षण गोष्टीत का हवाहवासा वाटतो, ते रिटमनच्या खेळात बोटांना कळतं. सगळं बळ पहिल्याच पानावर मिळालं असतं तर उड्डाणाची कथा दोन ओळीत संपली असती.

मग १९९९. निन्टेन्डोवर 'सुपरमॅन' आला, टायटस नावाच्या फ्रेंच कंपनीचा. जगातल्या सर्वांत वाईट खेळांच्या यादीत त्याचं नाव अजून असतं. सुपरमॅनने काय करायचं? तर हिरव्या धुक्यात लटकवलेल्या कड्यांमधून उडत जायचं. कडं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात उडणं असं, की लंगडी म्हैस बरी. देवासारखी शक्ती दिलेला माणूस सर्कशीतल्या कुत्र्यासारखा कड्यांतून उड्या मारतोय!

उलट २००४ चा 'स्पायडरमॅन २' घ्या, ट्रेयार्क कंपनीचा. आधीच्या खेळांत स्पायडरमॅनचं जाळं आकाशात कुठेतरी अधांतरी चिकटायचं. जेमी फ्रिस्ट्रॉम नावाच्या डिझायनरने हट्ट धरला की दोरी खऱ्या इमारतीलाच चिकटली पाहिजे. इमारत नसेल तर झोका नाही. झोका कधी सोडता त्यावर वेग ठरणार. लंबकाचं साधं गणित. एकीकडे स्वातंत्र्य कमी झालं, आणि दुसरीकडे लोक खेळाची गोष्ट सोडून तासन् तास नुसते न्यूयॉर्कभर झोके घेत बसले. नियम आला आणि त्याबरोबर मजा आली. वडाच्या पारंबीला लोंबकळलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

२००६ च्या 'सुपरमॅन रिटर्न्स'मध्ये आणखी एक हुशारी होती. सुपरमॅन अभेद्य आहे ना, मग आयुष्याची पट्टी त्याच्या नावावर ठेवलीच नाही, मेट्रोपोलिस शहराच्या नावावर ठेवली. शहर उद्ध्वस्त झालं की तुम्ही हरलात. कल्पना सुरेख, पण खेळ कंटाळवाणा. म्हणजे नुसती कल्पना पुरत नाही, हाताला काय लागतं ते महत्त्वाचं.

आता येतो आमच्या घरातल्या बॅटमॅनकडे. रॉकस्टेडी ही कंपनी उत्तर लंडनची, केंटिश टाऊन भागातली, म्हणजे वेम्बलीहून फार लांब नाही. सेफ्टन हिल आणि जेमी वॉकर या दोघांनी २००४ मध्ये काढलेली. त्याआधी त्यांचा एकच गेम बाजारात आलेला. अशा पोरांनी बॅटमॅनला हात घातला.

पहिल्या रात्री मी रिमोट हातात घेतला आणि मारामारीत सगळी बटणं बडवायला सुरुवात केली. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, नुसतं बडवू नका. बघा, मग दाबा."

बऱ्याच दिवसांत त्याने आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

व्यवस्था अशी आहे: एक बटण मारायचं, एक अंगरख्याचा फटकारा देऊन समोरच्याला गोंधळवायचं, एक उडी मारून निसटायचं, आणि एक प्रतिडावाचं. पाठीमागचा गुंड हात उचलतो तेव्हा त्याच्या डोक्यावर खूण चमकते. त्याच वेळी प्रतिडाव टाकला तर बॅटमॅन न बघताच त्याचा हात पिरगाळतो. मार न खाता, न थांबता फटके जुळत गेले की साखळी मोजली जाते, आणि साखळी लांबली की तुमचं बळ वाढतं. उगाच हवेत बटण दाबलं की साखळी तुटते. चाकूवाला आला तर आधी गोंधळवावंच लागतं. म्हणजे शक्ती बॅटमॅनची, पण लय तुमची.

लय हा शब्द मी कवितेसाठी वापरत नाहीये. मुख्य दिग्दर्शक हिल यांनी नंतर सांगितलं आहे की मारामारीची पद्धत तीनदा बदलली, आणि तिचं पहिलं रूप चक्क तालावर चालणाऱ्या खेळाचं होतं. ते वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. कारण मी कोल्हापूरचा! खासबागेत कुस्ती लागली की हलगी वाजते. लहानपणी आमच्या तालमीचे वस्ताद सांगायचे की हलगी प्रेक्षकांसाठी नसते, पैलवानाच्या श्वासासाठी असते. ताकद सगळ्यांकडे असते, पण समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आलं ते ज्याला कळतं त्याचीच ढाक बसते. लंडनच्या पोरांनी हलगी बहुधा ऐकलीही नसेल. पण ते त्याच जागी पोचले.

दुसरी गोष्ट भीतीची. हा बॅटमॅन बंदुकीपुढे टिकत नाही. दोन-चार गोळ्या लागल्या की संपला. म्हणून बंदूकवाले असले की वर छताजवळच्या दगडी राक्षसमूर्तींवर लपून बसायचं आणि एकेकाला अलगद उचलायचं. साथीदार कमी होतात तसे उरलेले घाबरतात, पाठीला पाठ लावून उभे राहतात, त्यांच्या काळजाचे ठोके वाढलेले पडद्यावर दिसतात. आपण केलेल्या कृतीचा परिणाम दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसणं, हे फार मोठं समाधान आहे. अंगावर ढिगाने शक्ती असून जगाला त्याची दखलच नसेल, तर ती शक्ती असून नसून सारखीच.

इंजिनियराच्या भाषेत याला फीडबॅक म्हणतात. मी काही केलं, जगाने लगेच आणि न्यायाने उत्तर दिलं. चुकलो तर का चुकलो ते कळलं. त्या हिवाळ्यात दिवसभर मला कुठूनच उत्तर येत नव्हतं. रात्री तासभर मात्र प्रत्येक बटणाला उत्तर मिळायचं. आणि शेजारी बसलेला मुलगा बोलायला लागला होता. आधी खेळाबद्दल, मग शाळेत त्याच्या उच्चारांवरून पोरं हसतात त्याबद्दल. तो पडद्याकडे बघत बोलायचा, मीही पडद्याकडे बघत ऐकायचो. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर त्याने काही सांगितलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नसतं.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती मी लपवणार नाही. जे इतक्या चटकन उत्तर देतं, ते सोडवत नाही. डिसेंबरात एक आठवडा असा गेला की मी अर्जच पाठवले नाहीत. दुपारीही खेळत बसलो. हिने एक दिवस शांतपणे प्लग काढला आणि म्हणाली, "अहो, तो तुमच्याकडे बघून शिकतोय." प्रतिडाव अचूक बसला. काम पुढे मार्चमध्ये मिळालं. आणि योगायोग असा, की त्याच मार्च २०१० मध्ये अर्कम असायलमला बाफ्टाचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. आमच्या घरात दोन्ही गोष्टींचे पेढे एकदमच वाटले. इलिंग रोडवर मिळतात, गुजराती धाटणीचे, पण चालतात.

आता मनोऱ्याकडे. १८९० च्या दशकात सर एडवर्ड वॉटकिन या रेल्वेच्या बड्या धेंडाने ठरवलं की आयफेलपेक्षाही उंच मनोरा इथे वेम्बलीत बांधायचा. पहिला टप्पा झाला, जेमतेम ४७ मीटर. १८९६ मध्ये लोकांसाठी उघडला. पण पाया खचू लागला, पैसे संपले, लोक फिरकेनात. शेवटी १९०७ मध्ये सुरुंग लावून तो पाडला, आणि त्या जागेवर १९२३ मध्ये स्टेडियम उभं राहिलं. 'वॉटकिनचा वेडेपणा' म्हणून तो इतिहासात राहिला. फ्रेंचांहून उंच, एवढीच त्याची कल्पना होती.

रॉकस्टेडीचंही पुढे थोडं तसंच झालं. २०११ चा 'अर्कम सिटी' उत्तम होता. २०१५ चा 'अर्कम नाइट' आणखी मोठा, पण त्यात गाडीच्या रणगाडाछाप लढाया इतक्या कोंबल्या की हलगीचा ताल हरवला. संगणकावरची आवृत्ती तर एवढी सदोष निघाली की विक्री थांबवावी लागली. हिल आणि वॉकर २०२२ च्या अखेरीस बाहेर पडले. २०२४ मध्ये कंपनीचा 'सुसाइड स्क्वॉड' आला. त्यात चार पात्रं, आणि चौघांच्या हाती बंदुका. प्रत्येकाची स्वतःची चाल असावी ही अपेक्षा, तर सगळे आपले गोळ्या झाडतायत. मालक वॉर्नर कंपनीला २० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. मनोरा उंच करण्याच्या नादात पाया कुठे होता तेच विसरलं की असं होतं.

मुलगा आता नोकरीला आहे, दुसऱ्या गावात राहतो. तो जुना प्लेस्टेशन अजून आमच्याकडेच आहे. परवा आला तेव्हा त्याने लावला. माझी बोटं आता जड झाली आहेत, साखळी तीनावर तुटली. मी पुन्हा बटणं बडवायला लागलो.

"बाबा," तो म्हणाला, "बघा, मग दाबा."

असो. कमानीवर दिवे लागले आहेत. जेवायला बोलावणं आलंय.