कर्डे, सुपे आणि सरकारी बंदोबस्त

आज आपण ज्याला दौंड तालुका म्हणतो, त्या भागाचं जुनं नाव भीमथडी. सुपे तेव्हा भीमथडीत होतं, आता बारामतीत आहे. पण गोष्ट सुरू होते ती शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात, डिसेंबर १८७४ मध्ये. गावानं सावकारावर बहिष्कार घातला. न्हावी बंद, परीट बंद, पाणी भरणारा बंद. यात गुन्हा कुठं होता? १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात मात्र दुकानं लुटली, खतं नि वह्या जाळल्या.

आता बघा, जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदावर होता. कारण त्याच कागदावर दिवाणी कोर्ट एकतर्फी हुकूमनामा द्यायचं, बेलीफ जप्तीला यायचा, कर्जदार कैदेतही जायचा. म्हणजे पोलीस यायच्या आधीच सरकार गावात पोचलं होतं, तेही सावकाराचा हात धरून!

मग फौज आली, गावागावांत पोलीस चौक्या बसल्या, ९५१ लोक पकडले. पुढे चौकशीसाठी कमिशन नेमलं, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पैशाच्या कर्जापायी शेतकऱ्याची कैद थांबली. खतामागचा खरा व्यवहार तपासणं न्यायाधीशाला भाग पडलं. गावमुन्सफ आले, दाव्याआधी समेट घडवणारे आले. माझ्या मते हे काम चौक्यांच्या आधी व्हायला हवं होतं. दंग्यात शिक्षा झालेले कुणबी मात्र सरकारी दप्तरात गुन्हेगारच राहिले.