नियम आला, तपासणी बदलली?

हृदयविकाराच्या झटक्याची खूण रक्तात सापडू शकते, हे १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन लाड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी दाखवून दिले. झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तात एसजीओटी हे एन्झाइम वाढलेले त्यांना आढळले. हृदयाच्या स्नायूतील पेशी मरू लागल्या की त्यांच्या आतली द्रव्ये रक्तात उतरतात, एवढेच त्यामागचे तत्त्व. पुढे द्रव्ये बदलत गेली, तत्त्व तेच राहिले.

एसजीओटी यकृताच्या आजारातही वाढते. त्यानंतर आलेले सीके हे एन्झाइम कोणत्याही स्नायूला इजा झाली की वाढते. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन टोचले तरी आकडा वर जायचा. म्हणून १९७० च्या दशकात सीके-एमबी हा त्याचा हृदयाशी अधिक जवळचा प्रकार रूढ झाला. १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदानाची कसोटी घालून दिली: छातीतले दुखणे, ईसीजी आणि एन्झाइमची वाढ या तिन्हींपैकी दोन. ती रुग्णालयांच्या अंगवळणी सहज पडली, कारण डॉक्टर करत होते त्यालाच तिने मान्यता दिली होती.

पुढच्या नियमाचे तसे झाले नाही. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६५ मध्ये शोधलेले ट्रोपोनिन हे स्नायूतील प्रथिन. त्याचा हृदयातला प्रकार रक्तात मोजण्याची पद्धत जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ह्यूगो काटुस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. २००० साली युरोप आणि अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून झटक्याची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने बांधली. निरोगी लोकांपैकी ९९ टक्क्यांचे ट्रोपोनिन ज्या पातळीच्या आत असते ती मर्यादा धरावी, आणि त्या पातळीवर यंत्राच्या मोजणीतला फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असे ठरले. अडचण अशी की त्या काळच्या बहुतेक संचांना एवढ्या खालच्या पातळीवर इतके अचूक मोजताच येत नव्हते. त्यामुळे अनेक प्रयोगशाळांनी यंत्राला झेपेल अशी वरची मर्यादा धरली. नियम न पाळल्याचा ठपका एकट्या रुग्णालयांवर ठेवता येत नाही, तो याचमुळे.

त्यातच ट्रोपोनिन-आय हा ट्रोपोनिनचा एक प्रकार मोजणाऱ्या प्रत्येक कंपनीचा आकडा निराळा. एका रुग्णालयातला रिपोर्ट दुसऱ्या रुग्णालयाच्या आकड्याशी ताडून पाहता येत नसे. युरोपातील प्रयोगशाळांच्या पाहण्यांत पुढे हेच चित्र दिसले: ट्रोपोनिन जवळजवळ सगळीकडे पोहोचले होते, पण रिपोर्टवर छापायच्या मर्यादेबाबत एकवाक्यता नव्हती. सीके-एमबीही हटले नाही. तपासणीच्या छापील फॉर्मवर ते वर्षानुवर्षे होते, आणि फॉर्मवर जे असते त्यावर खूण होतेच.

मर्यादा खाली आणली तर नेमके काय होते, हे एडिनबरोच्या रॉयल इन्फर्मरीत तपासले गेले. तिथे मर्यादा मिलिलिटरला ०.२० नॅनोग्रॅमवरून ०.०५ वर आणायची होती. आधी काही महिने खालचे आकडे मोजले, पण डॉक्टरांना कळवले नाहीत. नंतर कळवू लागले. २,०९२ रुग्णांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ०.०५ ते ०.१९ या मधल्या पट्ट्यातील रुग्णांपैकी आधीच्या टप्प्यात वर्षभरात ३९ टक्क्यांना पुन्हा झटका किंवा मृत्यू आला होता. आकडा कळू लागल्यावर हे प्रमाण २१ टक्क्यांवर आले. रिपोर्टवरची एक ओळ एवढा फरक पाडू शकते, ही गोष्ट नियम लिहिणाऱ्यांच्या पथ्यावर पडणारी होती.

म्हणून स्कॉटलंडमधील दहा रुग्णालयांत तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. आता तपासणी आणखी सूक्ष्म, 'हाय सेन्सिटिव्हिटी' ट्रोपोनिनची होती. मर्यादा लिटरला स्त्रियांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम. नवी पद्धत कोणत्या रुग्णालयाने आधी लागू करायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले. २०१८ मध्ये ४८,२८२ रुग्णांचे निष्कर्ष आले. जुन्या तपासणीत सुटलेले १,७७१ जण नव्या तपासणीत सापडले, मात्र वर्षभरातील झटके आणि हृदयविकाराने झालेले मृत्यू त्यामुळे कमी झाले नाहीत. सापडलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनाच रक्तवाहिनीत गुठळी होऊन येणारा नेहमीचा झटका होता. इतरांच्या हृदयाला अन्य कारणांनी इजा झालेली होती, आणि त्यावर ठरीव उपचार नव्हते.

खरा लाभ उलट्या बाजूने मिळाला. झटका नाही हे लवकर ठरवता येते का, याचा अभ्यास स्कॉटलंडमधीलच सात रुग्णालयांत झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातला सरासरी मुक्काम १०.१ तासांवरून ६.८ तासांवर आला आणि दाखल न होता घरी जाणाऱ्यांचे प्रमाण ५० वरून ७१ टक्क्यांवर गेले. खाटांची चणचण असलेल्या व्यवस्थापनाला ही भाषा मृत्युदराच्या भाषेपेक्षा लवकर समजते.

अमेरिकेत मात्र सूक्ष्म तपासणीला पहिली सरकारी परवानगी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये. युरोपात ती कित्येक वर्षे आधीच वापरात होती. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१५ मध्ये सीके-एमबी मागवू नका असे बजावले होते. तरी २०२१ च्या छातीदुखीविषयक अमेरिकन मार्गदर्शिकेला, ट्रोपोनिन उपलब्ध असताना सीके-एमबीचा उपयोग नाही, हे पुन्हा स्वतंत्रपणे नमूद करावे लागले.