झोळी आणि बटवा

मराठी घरांत कापडी पिशवीचीं दोन रूपें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं आहेत. एक झोळी आणि दुसरें बटवा. झोळीचें तोंड उघडें असतें. मागावयास निघालेला ती खांद्यास अडकवतो आणि देणारा तींत पसाभर धान्य घालतो. बटव्याचें तोंड मिटलेलें असतें. त्याच्या नेफ्यांतून ओवलेल्या दोन नाड्या दोहों बाजूंस ओढल्या कीं तें आवळलें जातें, आणि आंत काय आहे हें धन्यावांचून कोणास कळत नाहीं. झोळी दुसऱ्याच्या दयेची वाट पाहते. बटवा आपल्या मालकीची राखण करतो. दानधर्माचा इतिहास बहुधा झोळी किती भरली यावरूनच सांगितला जातो. परंतु ज्याचें सर्वस्व गेलें त्याच्या हातीं बटवा देणें, हाहि एक धर्म आहे; आणि तो मुख्यतः स्त्रियांच्या सुईनें चालविला आहे.

बटव्याचें कुळ मोठें आहे. पैका ठेवून कमरेस बांधावयाचा तो कसा. पान, सुपारी, कात यांचे निरनिराळे कप्पे असलेली ती चंची. जपाची माळ आणि माळ ओढणारा हात हीं दोन्हीं झांकणारी ती गोमुखी. वसईसारख्या, पानवेलीच्या मळ्यांबद्दल नांवाजलेल्या मुलखांत चंचीचें अगत्य निराळें सांगावयास नको. राजेरजवाड्यांचीं पत्रें किनखापाच्या थैलींत घालून, तोंड आवळून, मोहोर करून पाठवीत. त्या थैलीस खलिता म्हणत, आणि पुढें थैलीचें नांव आंतील पत्रासच लागलें. आजीबाईचा बटवा तर भाषेंत म्हणीसारखा रूढ झाला. सुंठ, वेखंड आणि मायफळ यांच्याबरोबर एका बाईचें जन्मभराचें अनुभवज्ञान त्यांत साठविलेलें असे. या सर्व पिशव्यांचा गुण एकच : आंतील वस्तु कोणा एकाची आहे, आणि ती त्याच्याच हातानें बाहेर यावयाची आहे.

झोळी आणि बटवा यांमागील भावना वसईच्या किल्ल्यांत एकत्र पाहावयास मिळतात. १५३४ सालीं गुजराथच्या सुलतान बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पोर्तुगीज जेथें वसले तेथें बहुतेक ठिकाणीं त्यांनीं ‘मिझेरिकॉर्दिया’ नांवाचे दयासंघ स्थापिले. त्यांचा आरंभ १४९८ सालीं लिस्बन येथें राणी लिओनोर हिच्या पुढाकारानें झाला होता. गोव्याप्रमाणें वसईंतहि असा संघ होता. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, रोग्याची विचारपूस, बंदिवानाची सुटका, बेवारशी मृतास मूठमाती, अशीं दयेचीं कृत्यें हे संघ आपलीं मानीत. पुण्यकर्में खरींच, पण तीं राज्यकर्त्यांच्या छत्राखालचीं होतीं, आणि घेणाऱ्यानें हात पसरावा हीच त्यांची रीत होती.

पुढें दोनशें वर्षांनीं, १७३९ च्या मे महिन्यांत, चिमाजीअप्पांच्या फौजेपुढें किल्ला शरण आला. तहाच्या अटींनीं शिबंदीस शस्त्रांसह सन्मानानें बाहेर पडण्याची आणि लोकांस आपली जंगम मालमत्ता बरोबर नेण्याची मोकळीक मिळाली. त्यासाठीं सुमारें आठ दिवसांची मुदत होती. ज्यांच्या पूर्वजांनीं तेथें वाडे बांधले त्यांस आठ दिवसांत ठरवावें लागलें कीं, काय न्यावयाचें आणि काय सोडावयाचें. घर नेतां येत नाहीं, विहीर नेतां येत नाहीं. माणसाच्या हातीं राहतें तें गांठोड्यांत आणि पिशवींत मावेल तेवढेंच. लढाईंत हजारों माणसें गमावलेल्या जेत्यानें ही सवलत द्यावी, यांत जित झालेल्या माणसाचेंहि कांहीं स्वतःचें असतें याची कबुली होती. एका अर्थी तहाच्या कागदावर लिहिलेला तो बटवाच होय.

महाराष्ट्रांत सुई आणि परोपकार यांची संघटित गांठ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडली. बाजारांत शिवणें हा शिंप्याचा, म्हणजे पुरुषाचा, धंदा होता. घरांत चोळी आणि गोधडी शिवणारी बाई मात्र कारागीर गणली जात नसे. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्य प्रांतांतून उपाशी व निराधार मुली आणल्या, आणि केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें अक्षरओळखीबरोबर शिवण, विणकाम, छपाई अशीं पोटापाण्याचीं कामें शिकविलीं जात. १८९६ सालींच धोंडो केशव कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. त्यासाठीं पार्वतीबाई आठवले यांनीं गांवोगांव हिंडून वर्गणी जमविली. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास सेवासदन निघालें. त्याच्या उद्योगवर्गांत शिवणास मानाचें स्थान होतें. वर्गणीच्या झोळीनें संस्था जगली. सुईनें संस्थेंतील बाई जगली. एकदां हातास शिवण बसलें कीं तिच्या कष्टाचे चार आणे तिच्याच बटव्यांत पडूं लागले, आणि काल घेणारी असलेली बाई उद्यां कोणास तरी देऊं शकेल अशी वाट मोकळी झाली.

या वाटेची मोठी कसोटी १९१४ सालीं सुरू झालेल्या महायुद्धांत लागली. मुंबई बंदरांतून फौजा फ्रान्सकडे आणि मेसापोटेमियाकडे रवाना होऊं लागल्या. कूट-अल-अमारा येथें वेढ्यांत अडकून २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलेल्या सैन्यांत मराठा पलटणींचे शिपाईहि होते. जखमी व आजारी सैनिक मुंबईस परत येऊं लागले, तेव्हां नवीनच बांधून झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाची इमारत लष्करी इस्पितळासाठीं वापरण्यांत आली. तें संग्रहालय म्हणून लोकांस खुलें झालें तें १९२२ सालीं. गव्हर्नराच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें इलाख्याच्या युद्धमदत निधीची महिला शाखा काम करूं लागली, आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या स्त्रिया शिपायांसाठीं कपडे व इस्पितळाच्या उपयोगाच्या वस्तु तयार करूं लागल्या.

याच युद्धांत इंग्लंडांतील एका बाईचें लक्ष अगदीं लहानशा अडचणीकडे गेलें. जनरल स्मिथ-डोरियन यांच्या पत्नी लेडी स्मिथ-डोरियन यांच्या असें ध्यानांत आलें कीं, जखमी शिपायाचे रक्तानें व चिखलानें भरलेले कपडे उतरविले जातात आणि त्यांबरोबर त्याच्या खिशांतील चीजवस्तु नाहींशा होतात. घड्याळ, घरचें पत्र, बायकामुलांची तसबीर, अशा वस्तूंस सरकारी दप्तरांत किंमत नसते. त्यांनीं स्त्रियांस आवाहन केलें कीं, प्रत्येक जखमीसाठीं नाडीची एक कापडी पिशवी शिवून द्या. त्यांच्या इस्पितळ-पिशवी निधीनें युद्धकाळांत अशा लाखों पिशव्या पुरविल्या. पिशवीवर शिपायाचें नांव लिहावयास जागा असे. म्हणजे ज्यास इस्पितळांत खाटेच्या क्रमांकानें ओळखीत, त्याचें नांव निदान त्या कापडावर तरी शाबूत राही.

अशी पिशवी शिवण्यास मोठें कसब लागत नाहीं, आणि तिचा प्रसार झाला तो याच कारणानें. कापडाचे दोन आयताकार तुकडे तिन्ही बाजूंनीं जोडावयाचे, वरच्या कडेस दुमड घालून नेफा करावयाचा, आणि त्यांतून दोन नाड्या एकमेकींच्या उलट दिशेनें ओवावयाच्या. दोहोंकडून ओढलें कीं तोंड घट्ट मिटतें आणि आपोआप सैल पडत नाहीं. गुंडी नाहीं, काज नाहीं, कुलूप नाहीं. ज्याचा एक हात पट्टींत बांधला आहे, त्यासहि बोट घालून ती उघडतां येते. खाटेच्या गजास अडकवून ठेवतां येते. मळली तर धुतां येते. शाळेंतील मुलगी आणि नजर अधू झालेली आजी या दोघींसहि जमणारें असें हें शिवण आहे. म्हणून त्यास हात कधीं कमी पडले नाहींत.

शंभर वर्षांनंतर हीच अडचण वसईच्या दारीं आली, मात्र ती पाण्याच्या रूपानें. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाला; बागा, मिठागरें आणि खाजणें यांच्या या प्रदेशांत घरांची दाटी झपाट्यानें वाढत गेली. २०१८ च्या जुलैंत मुसळधार पावसानें नालासोपारा, वसई व विरार जलमय झालें, रेल्वे बंद पडली आणि मिठागराच्या वस्तींतील लोक पाण्यांत अडकले. अशा वेळीं अन्नाच्या पुड्या वांटणारे हात पुढें येतात आणि ते यावयासच हवेत. परंतु पाणी ओसरल्यावर शिधापत्रिका, मुलांचे दाखले, घराचा करारनामा, औषधाची चिठ्ठी हे कागद कुटुंबाजवळ नसतील, तर त्यास मदतीसाठींहि दारोदार आपली ओळख पटवीत हिंडावें लागतें. बटवा नाहींसा झाला कीं माणूस झोळीवर येतो, तो असा.

त्याच वर्षाच्या जूनमध्यें राज्यांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी अंमलांत आली होती, आणि ठिकठिकाणच्या महिला बचत गटांना कापडी पिशव्या शिवण्याचें काम मिळालें. त्या यंत्रांवर बाजारहाटाच्या पिशवीबरोबर आंतून मेणकापडाचें अस्तर लावलेला, नाडीचा, कागदपत्रांचा बटवाहि शिवतां येण्याजोगा आहे; कारण नुसतें कापड पाण्यापुढें टिकत नाहीं. पावसाळ्याआधीं सखल वस्तींतील घरोघर असा एक एक बटवा पोंचला, तर त्याची किंमत पूर आल्यावर कळेल. देणाऱ्यानें तो रिकामाच द्यावा. त्यांत काय ठेवावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे.