एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (शेतीपंपाचे डिझेल इंजिन) : सफाई व फेरबसवणी

फोर-स्ट्रोक डिझेल इंजिनातील जळालेला वायू सायलेन्सरकडे सोडणारी, उलट्या छत्रीच्या आकाराची पोलादी झडप. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या पंपाच्या इंजिनात ती मिनिटाला ७५० वेळा उघडते आणि तितक्याच वेळा सीटवर घट्ट बसावी लागते.

पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि विहिरीवरचे डिझेल इंजिन महाराष्ट्रात घरचे झाले. मंचर, जुन्नर, आंबेगाव भागात आता वीजपंप सर्रास आहेत. तरीही रात्रीच्या विजेवर, बिबट्याच्या धास्तीत उसाला पाणी धरण्यापेक्षा दिवसा इंजिन चालवणे केव्हाही शहाणपणाचे. म्हणून ते दुरुस्त ठेवण्याला इथे मोल आहे.

गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) उतरणारे ऑइल आणि बिघडलेल्या नोझलमुळे अर्धवट जळणारे डिझेल यांचा कार्बन व्हॉल्व्हवर साचतो. त्याचा कण सीटवर अडकला की तापलेला वायू त्या फटीतून निसटतो, व्हॉल्व्हची कड जळते आणि कॉम्प्रेशन उतरते. हँडल सावकाश फिरवताना सायलेन्सरमधून फुस्स आवाज आला, तर दोष बहुधा याच व्हॉल्व्हचा.

हेड पूर्ण गार झाल्यावरच उतरवतात. स्प्रिंग दाबून लॉक काढले की व्हॉल्व्ह सुटतो. तो डिझेलमध्ये भिजवून कार्बन खरवडतात, मात्र सीटच्या कडेला पाते लावत नाहीत. कड फार जळालेली, किंवा दांडी गाइडमध्ये हलत असेल, तर घासण्यात अर्थ नाही, भाग बदलावा. एरवी कडेला ग्राइंडिंग पेस्टचा पातळ थर देऊन व्हॉल्व्ह सीटवर मागेपुढे फिरवतात, मधूनमधून उचलून जागा बदलतात. कडेवर सलग, एकसारखे करडे कडे उमटले की पुरे. त्यानंतरचे धुणे सर्वांत महत्त्वाचे: पेस्टचा कण आत राहिला तर लायनर आणि रिंगा खातो.

लॉक बसवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाहतात. पाझर दिसला तर पुन्हा घासणे आले. घाईच्या हंगामात हीच चाचणी गाळली जाते आणि हेड दुसऱ्यांदा उतरवावे लागते. हेडला नवे गॅस्केट घालून नट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, फिलर गेजने टॅपेटची फट त्या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवतात. फट कमी राहिली तर तापून लांबलेली दांडी व्हॉल्व्ह उघडाच धरते. इंजिन काही तास चालवून गार झाल्यावर नट आणि फट पुन्हा तपासतात.