हातमोज्यांवरची पावडर आणि चिकटलेली आतडी

“डॉक्टर, ऑपरेशनला दहा वर्षं झाली. मग आतडी आत्ता कशी चिकटली?” असं रुग्ण विचारतात. खरं तर ती तेव्हाच चिकटलेली असतात, त्रास आत्ता होतो.

पोटाच्या आत आणि आतड्यांवर एक पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. ऑपरेशनमध्ये ते दुखावलं की तिथे फायब्रिन हा चिकट पदार्थ जमतो. बऱ्याचदा शरीर तो काही दिवसांत विरघळवतं. पण अस्तर कोरडं पडलं, रक्तपुरवठा कमी झाला किंवा बाहेरचा कण आत राहिला, तर त्याचे पक्के पट्टे बनतात. यांनाच ॲढेशन्स म्हणतात.

हा बाहेरचा कण अनेक वर्षं सर्जनच्या हातमोज्यांवरूनच आत जात होता! अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलवटत. म्हणून १८८९-९०च्या सुमारास सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी रबरी हातमोजे बनवून घेतले. पुढे हातमोजे सगळीकडे आले आणि जंतुसंसर्ग कमी व्हायला मदत झाली. ते हातात सहज सरकावेत म्हणून त्यांना टाल्क पावडर लावत. ही पावडर पोटात पडली की गाठी आणि ॲढेशन्स होतात, हे हळूहळू लक्षात आलं. १९४०च्या दशकात तिच्या जागी मक्याचा स्टार्च आला. तो शरीरात जिरून जाईल अशी अपेक्षा होती, पण त्यानेही तोच त्रास होऊ लागला. अखेर जानेवारी २०१७ पासून अमेरिकेत पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी आली.

आज सर्जन पावडरविरहित हातमोजे वापरतात, आतडी अलगद हाताळतात, ओलसर ठेवतात आणि शक्य तिथे दुर्बिणीने ऑपरेशन करतात. त्यामुळे धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही.

म्हणून तुम्ही एवढं लक्षात ठेवा. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं असेल आणि पोटात कळा, उलट्या, पोटफुगी सुरू होऊन शौच किंवा वायू सरणं बंद झालं, तर घरी जुलाबाचं औषध घेऊ नका, पोट चोळू नका. लगेच रुग्णालयात जा आणि ऑपरेशन कितीही जुनं असलं, तरी ते आधी सांगा.