गृहपाठ, परकीय भाषांचा : मूल्यमापन

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने वर्गाबाहेर परकीय भाषेत केलेले लेखन, भाषांतर वा व्याकरणाचा सराव तपासून त्यातील दोष दाखविणे व त्याची प्रत ठरविणे, यास गृहपाठाचे मूल्यमापन म्हणतात. दोषदर्शन व गुणदान ही त्याची दोन भिन्न कार्ये होत. पहिल्याने विद्यार्थी शिकतो. दुसऱ्याने त्याचे स्थान ठरते.

मुंबई विद्यापीठ (स्थापना १८५७) लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी संस्था म्हणून निर्माण झाले. पदवी अंतिम लेखी परीक्षेवर अवलंबून असल्याने गृहपाठास पूर्वतयारीपलीकडे महत्त्व उरले नाही. व्हिल्हेल्म फिएटर या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये व्याकरण-भाषांतर पद्धतीवर टीका करून बोलभाषेस अग्रस्थान देण्याचा आग्रह धरला. तथापि लेखी परीक्षेच्या वर्चस्वामुळे भाषांतराचे महत्त्व टिकून राहिले.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात (स्थापना १८८०) कवी माधव जूलियन (माधव त्रिंबक पटवर्धन) हे १९२८ पासून फारसीचे प्राध्यापक होते. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मराठीत रुळलेले फारसी शब्दच मराठी विद्यार्थ्यास फसवितात. उदा., फारसीत 'शिकस्त' म्हणजे मोडतोड वा पराभव. मराठीत 'शिकस्त करणे' म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा करणे. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे असली, तरी सूर्यवाचक शब्द तेथे स्त्रीलिंगी आहे. अशा चुकीचे केवळ गुण वजा केल्यास तिचे कारण विद्यार्थ्यास कळत नाही.

विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) प्रत्येक विषयाचे एकतृतीयांश गुण वर्षभराच्या कामासाठी राखून ठेवण्याची शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९७३ च्या परीक्षा-सुधारणा आराखड्यानेही अंतर्गत मूल्यमापन व श्रेणीपद्धती यांवर भर दिला. अंतर्गत गुणांमुळे वर्षभराच्या श्रमास मोल मिळते. परंतु एकाच शिक्षकाच्या हाती निर्णय राहिल्याने पक्षपाताची शंकाही उद्‌भवते. यावर उपाय म्हणजे आशय, शुद्धता, शब्दसंपत्ती व रचना यांचे निकष आधीच जाहीर करणे. यूरोपीय परिषदेच्या २००१ च्या सामायिक चौकटीतील सहा स्तर त्यासाठी आधारभूत ठरले आहेत.

शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाल्याने उच्च शिक्षण दक्षिण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास अधिक जवळचे झाले. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावातून शहरात शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यास जर्मन वा जपानी भाषा वर्गाबाहेर सहसा कानी पडत नाही. त्याच्या दृष्टीने तपासलेली वही हाच त्या भाषेशी होणारा नित्याचा संवाद असतो. वही विलंबाने परत आली, तर तोपर्यंत चूक अंगवळणी पडते.

यंत्रभाषांतराच्या प्रसारानंतर घरून निर्दोष लिहून आणलेला मजकूर हा ज्ञानाचा पुरेसा पुरावा राहिलेला नाही. त्यामुळे पहिला खर्डा, त्याची दुरुस्त प्रत व तिच्यावरील अल्प तोंडी परीक्षा यांचा एकत्रित विचार करणे अधिक न्याय्य ठरते. केवळ अंतिम प्रतीस गुण दिल्यास, स्वतः चुकतमाकत लिहिणारा विद्यार्थी मागे पडतो.